पगार २८ हजार, शिल्लक शून्य. सुरुवात कुठून करू?

पुण्यात भाड्याने राहतो, २० तारखेलाच खातं रिकामं. लोक साठवतात कसं?

> दादा, उरलं की टाकू म्हणशील तर कधीच उरणार नाही. पगार झाला की आधी २ हजार पीपीएफला (सरकारी, लांब मुदतीचं बचत खातं), तेही ५ तारखेच्या आत, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. १५ वर्षांत भरशील ३ लाख ६० हजार, आत्ताचा ७.१ टक्के दर टिकला तर सव्वासहा लाखांच्या पुढे जातात.

> आईने भिशीतूनच माझी फी भरली. पण भिशीवाली बाई ओळखीची हवी, नाहीतर पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं) बरी.

> ताई, आरडी १०० रुपयांपासून होते ना?

> हो.