ऑटोमॅटिक असलं तरी पाण्यात टाकायला कुणीतरी लागतंच

कुणीतरी लिहिलंय की समुद्रातले आर्गो फ्लोट, म्हणजे पाण्यात वाहत मोजमाप करणारी यंत्रं, ऑटोमॅटिक आहेत, कोविडमध्ये त्यांचं काय अडणार होतं? लगेच नाहीच अडलं. जगभर जवळपास ४००० फ्लोट आहेत, १००० मीटरवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येता येता तापमान नि क्षारता मोजतात, वर तोंड काढून सॅटेलाइटला डेटा दिला की परत खाली, ना मास्क ना क्वारंटाइन :)

पण बॅटरी संपते ना राव! साधारण ४-५ वर्षं चालते, म्हणजे दरवर्षी शेकडो नवे टाकायचे, आणि मार्च २०२० पासून तर देशोदेशीची रिसर्च जहाजं बंदरात परत बोलावलेली. न्यूझीलंडची काहारोआ, जेमतेम २८ मीटरची बोट, त्याच वर्षी वेलिंग्टनहून पार हिंदी महासागरात फ्लोट टाकत गेली, मानलं त्यांना.

माझ्या मते खरी वाट लागली ती विमानांच्या निरीक्षणांची. प्रवासी विमानं उडता उडता वारा आणि तापमान मोजून हवामान खात्यांना पाठवतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. उड्डाणं थांबली आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाने हा डेटा सरासरी ७५ ते ८० टक्के घटला, दक्षिण गोलार्धात तर ९० च्या आसपास. मग युरोपात हवामान मोजणारे जादा बलून सोडायला लागले. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत अजून बऱ्याच ठिकाणी माणूस जाऊन हवामानाचं रीडिंग घेतो, तिथलाही डेटा कमी झाला, त्यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही.