मेलॅनोमा (त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग) शिकवताना सुरुवात एबीसीडीनेच का?

तळवा: एमबीबीएसच्या पोरांना पहिली स्लाइड ठरलेली, एबीसीडी, म्हणजे चार लक्षणांची इंग्रजी आद्याक्षरं: असमान आकार, वेड्यावाकड्या कडा, अनेक रंग, ६ मिमीहून मोठा व्यास. हा नियम १९८५ मध्ये न्यूयॉर्कला, मुख्यतः गोऱ्या रुग्णांवरून बांधला गेला. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, आणि होतो तो बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली. पेशंटचे मोजे उतरवलेच नाहीत तर एबीसीडी पाठ असून काय उपयोग? आधी तपासणी शिकवा: टाच, बोटांच्या बेचक्या, वीसही नखं. चित्रं नंतर.

जुना_नियम: साफ असहमत. तळव्यावरच्या डागालाही कडा आणि रंग असतातच की! शिवाय २००४ मध्ये 'ई', म्हणजे बदलत जाणं, जोडलं गेलं. सगळ्यांत कामाचं तेच. नुसतं 'नखं बघा' सांगितलंत तर इंटर्न नखावरची प्रत्येक काळी रेघ तज्ज्ञाकडे पाठवील, आणि सावळ्या लोकांत अशा रेघा सर्रास असतात. बऱ्याच नखांवर सारख्या रेघा असतील तर बहुतेक वेळा काही नसतं. एकाच नखावर, ३ मिमीहून रुंद, वाढत जाणारी, आणि काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरलेला (हचिन्सनची खूण), ती पाठवायची.

तळवा: नियम टाकून द्या म्हटलंच नाही, क्रम बदला म्हटलं. रंग नसलेल्या मेलॅनोमाला एबीसीडी काय करणार? तळव्यावर तो लालसर, ओलसर गाठीसारखा दिसतो. भोवरी किंवा मधुमेहाची जखम समजून महिनोन्महिने ड्रेसिंग चालतं.

काचपट्टी: दोघंही मेलॅनोमातच अडकलात. भाजल्याच्या जुन्या व्रणावर वर्षांनंतर चिघळलेली कर्करोगाची जखम (मार्जोलिनचा अल्सर) कोण शिकवणार? बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा आणखी एक कर्करोग) आपल्याकडे बऱ्याचदा काळा असतो, तीळ समजून कॉटरीने जाळतात. मग आमच्याकडे पॅथॉलॉजीत तपासायला काहीच येत नाही. बायोप्सीचंही तेच. अल्सरच्या मधोमध पंच (तुकडा काढायचं गोल पातं) मारला की नुसता मृत भाग येतो, कडेचा तुकडा हवा. मेलॅनोमाचा संशय असेल तर वरवर खरवडू नका. शक्य असेल तिथे अख्खा डाग, भोवती साधारण २ मिमी कातडी आणि खाली चरबीपर्यंत काढा. तळच कापला गेला तर ब्रेस्लो जाडी (मेलॅनोमा कातडीत किती खोल गेलाय ते माप) मोजायची कशी? पुढचं ऑपरेशन किती रुंद करायचं ते त्या जाडीवरच ठरतं.

जुना_नियम: बायोप्सी निवासी डॉक्टरांना शिकवा. एमबीबीएसला ओळखणं आणि वेळेत पाठवणं पुरे.

तळवा: मग प्रात्यक्षिक परीक्षेत मोजे घातलेला पेशंट बसवा. जो मोजे काढायला सांगणार नाही, त्याचे गुण कापा.

जुना_नियम: मोज्यांचं मान्य. फोटो ओळखण्याचे गुण मात्र कमी होऊ देणार नाही.