कॉलऱ्याचा जंतू मुळात खाडीतला
वर एकांनी लिहिलंय की कॉलरा हा निव्वळ सांडपाण्याचा रोग, माणूस नसता तर हा जंतूही नसता. पहिलं बरचसं खरं, दुसरं नाही. व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, हा मुळात खाडीच्या मचूळ पाण्यातला रहिवासी. कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांना तो चिकटतो आणि त्यांच्या कवचातलं कायटिन (कवच ज्याचं बनतं तो चिवट पदार्थ) खातो. गंमत म्हणजे कायटिन मिळालं की तो आसपास पडलेला परका डीएनएही उचलून आपल्यात बसवून घेतो. पंगतीत बसल्या बसल्या उत्क्रांती!

कॉलरा घडवणाऱ्या विषाचं जनुक तर त्याचं स्वतःचं नाहीच. ते एका फाजने, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूने, आणून दिलेलं आहे; वॉल्डर आणि मेकालानोस या संशोधकांनी हे १९९६ मध्ये दाखवलं. खाडीतल्या या जातीच्या बहुतेक जंतूंकडे ते नसतं, म्हणूनच ते साथ आणत नाहीत.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या गावांमध्ये बायकांना साडीच्या घडीतून पाणी गाळायला सांगितलं, तर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. सुटा जंतू साडीतून सहज निसटतो. अडकतात कोपेपॉड आणि त्यांच्यावर बसलेले जंतू. आणि साडी जुनीच बरी, धुऊन धुऊन धागे फुलतात, छिद्रं बारीक होतात.