घरखर्च जीडीपीच्या 60%: ही आपली ताकद की गरिबीची खूण?

लिंबोणी:
नमस्कार मंडळी, राज्यसेवेचा अभ्यास करतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. आपल्या जीडीपीत (देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांच्या एकूण किमतीत) साधारण 60% वाटा लोकांच्या घरगुती खर्चाचा आहे आणि ही आपली ताकद असं सगळीकडे वाचते. पण चीनचा आकडा 40 च्या आसपास, बांगलादेशचा आपल्याहून जास्त, आणि अमेरिकेचाही 68 च्या जवळ! मग हा आकडा मोठा असणं चांगलं का वाईट? आणि अजून एक, माझे काका शेतातली ज्वारी वर्षभर घरीच खातात, बाजारात नेतच नाहीत, ती यात धरतात का? कुणीतरी सोपं करून सांगा प्लीज.

खतावणी:
ताई, टक्का बघून चांगलं-वाईट ठरवूच नका, आधी टक्का कशाचा ते बघा. चीनचं दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये आपल्या पाचपटीच्या आसपास आहे. म्हणजे आपले 100 धरले तर त्यातले 60 घरात खर्च होतात आणि त्यांच्या 500 मधले 200, म्हणजे टक्का कमी असूनही तिथला माणूस आपल्या तिप्पट खर्च करतो (आपल्याकडे वस्तू स्वस्त आहेत ते धरलं तर अंतर कमी होतं, पण उरतंच). आपल्याकडेच बघा, 1950 च्या दशकात हा वाटा 80 च्या वर होता, कारण हातातोंडाची गाठ पडायची मारामार, मागे काही उरतच नव्हतं तर कारखाने, धरणं कशातून उभी राहणार? नंतर बचत वाढली, गुंतवणूक वाढली तसा वाटा खाली आला, तेव्हा ती प्रगतीच होती.

बांधावरचा:
काकांची ज्वारी धरतात हो, घरी खाल्लेल्या धान्याची किंमत लावून ती खर्चात मोजतात. स्वतःच्या घरात राहत असाल तर त्याचं अंदाजे भाडंसुद्धा धरतात, पण नवीन फ्लॅट घेतलात तर ती गुंतवणूक. आणि तुमच्या काकू रोज त्याच ज्वारीच्या भाकऱ्या थापतात त्या कष्टाची किंमत मात्र शून्य, तीच भाकरी पोळीभाजी केंद्रातून आणली की मोजली जाते. मला हे फार खटकतं.

सांजवात:
वरचं सगळं बरोबर आहे पण सरासरीत गरीब माणूस दिसतच नाही त्याचं काय? 2022-23 च्या घरखर्चाच्या सरकारी सर्व्हेत ग्रामीण भागात माणशी महिना 3773 रुपये आणि शहरात 6459 आलेत, पण गावातल्या सगळ्यात खालच्या 5% लोकांचा खर्च 1373 रुपये होता आणि शहरातल्या वरच्या 5% लोकांचा 20824. आता हे सगळे त्या एकाच 60 टक्क्यांत!! म्हणून मी आधी बघते की खर्चात खाण्याचा वाटा किती, ग्रामीण भागात 1999-2000 ला तो 59% होता, 2022-23 ला 46 वर आला, म्हणजे फोन, गाडी, औषधं, क्लासची फी यांना पैसा वळला, ही खरी चांगली गोष्ट आहे. दुसरं म्हणजे खर्च पगारातून होतोय का कर्जातून तेही बघा. 2022-23 मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत (ठेवी, विमा वगैरेत टाकलेल्या पैशातून नवीन कर्ज वजा करून उरते ती) जीडीपीच्या 5% च्या आसपास आली, कित्येक दशकांत एवढी कमी नव्हती, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांवर नियम कडक केले ते उगाच नाही.

लिंबोणी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! मग चीनमधले लोक खर्च का करत नाहीत, चिकट आहेत का?

खतावणी:
चिकट नाहीत हो, देशाच्या उत्पन्नातला त्यांच्या हातात येणारा वाटाच कमी आहे, आणि बँकेतल्या ठेवींवर वर्षानुवर्षं व्याज मुद्दाम कमी ठेवलं कारण कारखान्यांना स्वस्त कर्ज द्यायचं होतं. वर तिथे हुकोऊ आहे, म्हणजे माणूस कुठला याची सरकारी नोंद, ती गावची असेल तर शहरात कामाला आलेल्या माणसाला मुलाची शाळा, दवाखाना यांच्या सोयी नीट मिळत नाहीत, मग तो आजारपणाला आणि म्हातारपणाला पैसे मागे टाकतो. आता तिथलं सरकारच लोकांनी खर्च वाढवावा म्हणून मागे लागलंय, कारण एवढे कारखाने काढून माल बनवला तो घेणार कोण. परीक्षेत तुलना लिहाल तेव्हा हे कारण नक्की लिहा, नुसते 60 आणि 40 लिहून सोडू नका.