दुपारचा पंप आणि लघवीची तपासणी (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सुनील बी-३०२ (७:०४): सेक्रेटरी आप्पा, आज तरी उत्तर द्या. रात्री अडीचला बायकोला ॲडमिट केलं. हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत कळ, उलट्या. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. सहावा महिना चालू आहे. आठ दिवस बी-विंगला दुपारी नळाला थेंब नाही, हे मी इथे तीनदा लिहिलंय. संडासात पाणी नसतं म्हणून ती पाणीच कमी प्यायची आणि संध्याकाळपर्यंत दाबून धरायची. सलाईन लागल्यावर सांगितलं तिने हे.

जिभाऊ सी-१०१ (७:०९): अरे बापरे. डबा काय पाठवू?

खजिनदार ए-२०३ (७:११): काळजी घ्या. बी-विंगच्या सात फ्लॅटचा मेंटेनन्स बाकी आहे, तो भरला तर पंपाचं काम होईल.

सुनील बी-३०२ (७:१२): माझा भरलेला आहे. पावती टाकू?

अक्का ए-१०२ (७:२०): सुनील, सुनेला म्हणावं, यात तिची चूक नाही. पोटुशीपणी हार्मोनमुळे लघवीच्या नळ्या सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब. लघवी साचते, जंतूंना वेळ मिळतो. पाणी कमी पडलं की भरच पडते. मी बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स होते, हे फार पाहिलंय. पोरींनो, पहिल्या तपासणीलाच लघवीचं कल्चर करून घ्या. नुसती रुटीन नको, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी.

नाना ए-४०१ (७:२६): अक्का, आदर आहे, पण हा विषय लेडीज ग्रुपवर बरा. इथे मुलं वाचतात.

अक्का ए-१०२ (७:२८): लेडीज ग्रुपवर पंप चालू करणारे नाहीत, नाना.

बंटी सी-३०४ (७:२९): 😂😂 अक्का सिक्सर

वैशाली डी-१०३ (७:३५): वहिनीला जळजळ होत नव्हती का आधी? कळलं कसं नाही?

सुनील बी-३०२ (७:४१): काहीच नव्हतं. सारखं लागायचं, पण ते या दिवसांत होतंच असं सगळे म्हणाले. कल्चर कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

अक्का ए-१०२ (७:४४): तेच तर. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्रास काहीच नसतो. औषध नाही दिलं तर त्यातल्या साधारण चारातल्या एकीचं दुखणं किडनीवर जातं. मग दिवस भरायच्या आत कळा, कमी वजनाचं बाळ ही भीती. वेळेत सापडलं तर काही दिवसांच्या गोळ्यांत भागतं.

संगीता बी-२०१ (७:५०): आमच्याकडे धने-सब्जाचं पाणी देतात, गोखरूचा काढा पण. डॉक्टरकडे पळायची गरजच पडत नाही.

अक्का ए-१०२ (७:५३): धन्याचं पाणी प्या, ताक प्या, पण जंतू त्याने मरत नाहीत. काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि घरात उरलेली अँटिबायोटिक तर मुळीच नको. सिप्रो, डॉक्सीसारख्या गोळ्या या दिवसांत टाळतात.

खजिनदार ए-२०३ (७:५५): पुन्हा आठवण, मेंटेनन्स १० तारखेपर्यंत.

सुनील बी-३०२ (७:५६): बी-२०१ मधली गाडी रोज पाइपने धुतली जाते, त्याचंही बिल लावा.

संगीता बी-२०१ (७:५७): आमच्यावर कशाला घसरता? आठवड्यातून एकदा धुतो. वहिनीसाठी वाईट वाटलं म्हणूनच लिहिलं ना मी.

बंटी सी-३०४ (७:५८): गाडीला रोज अंघोळ, आम्हाला दिवसाआड 😄

जिभाऊ सी-१०१ (८:०१): बंटी, पोरगी दवाखान्यात आहे. गप बस. आमची आजी बाजूला बसून ऐकतेय, म्हणते, "पानी पेवाले लाज कसाले? पोरीले पानी पेऊ द्या."

अक्का ए-१०२ (८:०८): आजी बरोबर. आपल्या ४४ डिग्रीच्या उन्हात दिवसाला अडीच-तीन लिटर तरी हवं, लघवी फिकट दिसली पाहिजे. डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. लागली की जा, पूर्ण मोकळं व्हा. एसटीने भुसावळ-चाळीसगाव करताना स्टँडवरचा संडास घाण म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती जणी आहेत! धुताना-पुसताना पुढून मागे. सुती कपडे. सुगंधी वॉश नको. संबंधानंतर लघवीला जाऊन या. नाना, माफ करा, पण हे न सांगितल्याने बायका तापाने फणफणलेल्या येतात. पुन्हा टाकते: कल्चर.

नाना ए-४०१ (८:१५): लिहा अक्का. माझी मुलगी पण पाचव्यात आहे धुळ्याला. तिला हे फॉरवर्ड करतो.

वैशाली डी-१०३ (८:२०): अक्का, मला चौथा लागलाय. काहीच त्रास नाही, तरी करायची? खर्च किती येईल?

अक्का ए-१०२ (८:२४): तुझ्यासाठीच लिहितेय गं. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, तिथे कल्चरचंही विचार. आणि ताप, थंडी, कुशीत कळ असेल तर ९ तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

सेक्रेटरी आप्पा (८:३१): सुनील, माफ कर. मोटर दुरुस्तीला दिली होती, मी ग्रुपवर टाकायला हवं होतं. आजपासून दुपारी १ ते २ बी-विंगचा पंप चालेल. मोटर येईपर्यंत टँकर. टेरेसची किल्ली वॉचमनकडे आहे.

खजिनदार ए-२०३ (८:३३): टँकरचा खर्च कुठून?

जिभाऊ सी-१०१ (८:३४): माझ्याकडून घे. आता बस.

सुनील बी-३०२ (९:१०): डॉक्टर येऊन गेले. ताप १०१ वर आलाय, बाळाचे ठोके चांगले आहेत. कोर्स संपल्यावर कल्चर परत करायचं म्हणाले.

अक्का ए-१०२ (९:१२): नक्की करा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू देऊ नकोस. वैशाली, तू लॅबमधूनच बाटली आण, घरची धुतलेली नको. आधी स्वच्छ धू, पहिली धार सोडून दे, मधली बाटलीत घे आणि लगेच नेऊन दे.

वैशाली डी-१०३ (९:१५): आणते. उद्या सोबत याल का?

अक्का ए-१०२ (९:१६): साडेआठला खाली थांब.