‘खाऊ द्या की बिचाऱ्याला!’ – आपल्या दिव्यांग मुलांचं वाढतं वजन (अनुभव धागा, सोलापूर आणि आसपास)

शाळेतली बाई (धागाकर्ती)

आमच्या विशेष शाळेत जूनमध्ये मुलांची उंची-वजनं घेतो. नंतर पालकसभेत वाढलेल्या वजनाचा विषय काढला की उत्तरं ठरलेली. कुणी म्हणतं, थायरॉइड असेल. कुणी म्हणतं, खाऊ द्या की बाई, दुसरं काय सुख आहे त्याला? थायरॉइड रक्त तपासून कळतं. दुसऱ्या उत्तराचं काय करायचं, यासाठी हा धागा.

गिळता न येणारी, बरगड्या मोजता येतील अशी मुलंही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू. माझं मत आधीच सांगून टाकते. पोर हावरट आहे म्हणून जाड झालंय, असं मला क्वचितच दिसलं. त्याला बसवून ठेवणारे आणि बसल्या जागी भरवणारे आपण मोठेच असतो, उरलेलं काम आजार आणि औषधं करतात. पटत नसेल तर भांडा, पण अनुभव लिहून भांडा. खायला कोण घालतं, खेळायला कोण अडवतं, वजन कुठे करता, सगळं चालेल. मुलांची, शाळांची, दवाखान्यांची नावं नकोत. डाएट चार्ट तर अजिबात नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर ढीगभर पडलेत.

लिफ्टवाल्याची आई

मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम. खातो काय, तर पांढरा भात, बटाट्याचे वेफर्स, ग्लुकोजची बिस्किटं आणि एका ठरावीक दुकानातली खारी. बिस्किटाच्या पुड्याचा रंग बदलला तरी हात लावत नाही. भाकरीचा खरखरीतपणा त्याला सहन होत नाही, भाजी ताटात आली की ताटच उडतं. म्हणजे जे खातो ते सगळं पिठाचं, तळलेलं नाहीतर गोड. त्यात थेरपीला जायचो तिथे प्रत्येक बरोबर उत्तराला एक चॉकलेटची गोळी. शर्टाचं बटण लावलं, गोळी. डोळ्यात बघितलं, गोळी. घरी आजीनेही तेच सुरू केलं, आणि आजीचा हात थेरपिस्टपेक्षा सैल!

मग डोकं आपटणं आणि चावणं वाढलं म्हणून रिस्पेरिडोन सुरू झालं. चावणं खरंच कमी झालं, घरात सगळ्यांना झोप मिळायला लागली. पण भूक अशी खवळली की जेवून हात धुतल्या धुतल्या परत ताट घेऊन उभा. औषध लिहून देताना या भुकेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. नंतरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वजन आणि पोटाचा घेर मोजला, साखर आणि चरबीच्या तपासण्या लिहिल्या, आणि आता प्रत्येक भेटीत वजन आधी, बोलणं नंतर. ज्यांच्या मुलांना हे किंवा फिट्सचं व्हॅल्प्रोएट चालू आहे त्यांनी विचारून घ्या, त्यानेही वजन वाढतं. औषध मात्र मनाने बंद करू नका. फिट्सचं तर मुळीच नको.

बक्षीस आम्ही बदललं. त्याला लिफ्टचं वेड आहे. चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने, असा करार. नव्या पेठेतल्या एका दुकानाचे मालक आम्हाला गिऱ्हाईक म्हणून नाही, लिफ्टवाले म्हणून ओळखतात.

यार्डातला बाप

मी मार्केट यार्डात हमाली करतो. पुतण्या लिहून देतोय. लेकीला सेरेब्रल पाल्सी हाय, चालत नाही, पाय आकडलेले. दवाखान्यात म्हणले काट्यावर उभी करा. उभी राहिली असती तर दवाखान्यात कशाला आणली असती मी? शेवटी आडतीवरच्या कांद्याच्या काट्यावर खुर्चीसकट ठेवली, मग नुसती खुर्ची मोजली, वजा केलं. शेट हसला, पण खरं वजन तिथंच कळलं.

कांद्याची गोणी पाठीवर गप बसती. लेक बसत नाही, अंग ताठ करती. बसमध्ये चढवायची, मोरीत न्यायची, रात्री कूस बदलायची, सगळं उचलून. म्हणून मला वजनाची काळजी तिच्या दिसण्यासाठी नाही. माझी कंबर गेली तर तिला संडासला कोण नेणार?

आई घरी बिडी वळती. लेक दिवसभर तिच्या बाजूला, पुढं टीव्ही. जेवण दोघींचं सारखंच, पण ती हलतच नाही तर ते जाणार कुठं? वरनं शेजारणी येता-जाता भजं, जिलेबी हातावर ठेवतात. बिचारी म्हणत्यात. नको म्हणलं की राग येतो बायांना, आमचं खात नाही म्हणून. आता म्हणलंय, द्यायचंच तर बोरं द्या की, पेरू द्या की. मऊ बघून, बिया काढून. दोघी देत्यात. बाकीच्यांची जिलेबी चालूच हाय.

होटगी रोड

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका. मुलगा ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार. स्टिरॉइड चालू आहे. गाल फुगलेत, भूक वाढलीय. चालणं बंद व्हायच्या बेतात आहे. आमच्याकडे मोजून वर्षं आहेत आणि मी त्याचा वडा मोजू? बाई, तुमचा धागा चांगला आहे, पण ‘दुसरं काय सुख आहे’ म्हणणारा बाप नेहमीच अडाणी नसतो.

फिजिओ, जुळे सोलापूर

होटगी रोड, तुम्हाला अडाणी कुणी म्हणू शकणार नाही. एकच बाजू मांडते. स्टिरॉइड देतात ते स्नायूंची ताकद टिकावी, चालणं काही वर्षं लांबावं म्हणून. त्याच गोळीने वाढलेलं वजन मग त्याच अशक्त पायांना उचलावं लागतं, म्हणजे एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं. खुर्चीत बसायला लागल्यावर जास्तीचं वजन श्वासालाही जड जातं. वडा बंद करा असं मी म्हणणार नाही. औषधाची मात्रा, आणि दोन स्टिरॉइडपैकी कोणतं, प्रेडनिसोलोन की डिफ्लाझाकोर्ट, हे डॉक्टरांशी बोला. डिफ्लाझाकोर्टने वजन तुलनेने कमी वाढतं, पण त्याचेही वेगळे तोटे आहेत. गोळी एकदम थांबवायची नसते, हे माहीत असेलच.

यार्डातल्या दादांनी काट्याचं केलं ते अगदी बरोबर. लहान मूल असेल तर मोठ्या माणसाने कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. आकडलेल्या पायांमुळे उंची टेपने खोटी येते. ती गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या किंवा मनगट ते कोपर या लांबीवरून काढतात. नाहीतर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, काढून काहीच कळत नाही. त्यातून स्नायू कमी आणि चरबी जास्त असं शरीर असलं की बीएमआय ठीक दिसतो आणि पोट मात्र सुटलेलं असतं.

आणि शेंगा चटणी! सोलापुरात बोलायला भीती वाटते, पण बोलते. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. जो पोरगा दिवसभर मैदानावर आहे त्याच्यासाठी उत्तम. खुर्चीतल्या मुलाला भाकरीबरोबर चमचाभर ठीक, वर तेल ओतून वाटीभर नको.

होटगी रोड

वाचलं. रविवारचा वडा राहणार. बाकीचं बघतो.

पांढरी काठी

मी आता नोकरी करतो, पण मूल होतो तेव्हाचं सांगतो. जन्मापासून दिसत नाही. गावातल्या साध्या शाळेत होतो. पीटीच्या तासाला माझी ड्यूटी ठरलेली: चपला राखायच्या. सगळा वर्ग मैदानात, मी लिंबाखाली, समोर चपलांचा ढीग. सर वाईट नव्हते. पडला तर आईबापांना काय सांगायचं, ही त्यांची भीती. घरीही तेच, आई गल्लीत सोडायची नाही. पडेल, ही एकच चिंता. बसून राहिलेल्या पोराला मग कुणी ना कुणी मुरमुरे, लाडू, शेव आणून देतं. दहावीपर्यंत मला जिना चढताना धाप लागायची आणि लोक म्हणायचे, डोळ्यांमुळे होत असेल.

कॉलेजला सोलापुरात आलो तेव्हा एका मित्राने हातरुमालाचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्याच्या, आणि कंबर तलावाच्या कडेने पळवलं. धडपडलो, गुडघे फोडून घेतले. पुढे छर्रे भरलेल्या चेंडूने क्रिकेटही खेळलो, आवाजावर.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय की शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या दिव्यांग मुलांसाठीही रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते चांगली दमवणारी हालचाल सांगितलीय. चपला राखून ती होत नाही. शाळेला हे दोन्ही ऐकवा, आणि त्याच दिवशी घरी आईलाही.

दाजी पेठेतली ताई

माझ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, चौदा वर्षांचा आहे. त्याला जास्त कोण देतं, तर त्याच्यावर जीव असणारे सगळे. वेंकटेश्वराच्या देवळात प्रसाद दोनदा घेतो, पुजारीच देतात. टॉवेलच्या कारखान्यात मामांच्या दुपारच्या चहाला हजर, खारी बुडवून. गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर नेलं की पाळणेवाल्यापासून भज्जीवाल्यापर्यंत सगळे त्याचे दोस्त. तो मागत नाही, नुसता हसतो, आणि हातात काहीतरी येतं. आईने एकदा गल्लीत सगळ्यांना सांगितलं, तर एक आजोबा महिनाभर बोलत नव्हते आमच्याशी.

त्याची थायरॉइडची तपासणी दरवर्षी होते. एक वर्ष बिघडलेली निघाली, गोळी सुरू झाली. पण गोळी लागू पडल्यावरही वजन आपोआप उतरलं नाही. या मुलांचे स्नायू सैल असतात, निवांत बसल्यावर खर्च होणारी ऊर्जाही इतरांपेक्षा कमी, असं डॉक्टर म्हणाले. उंचीही कमी राहते. म्हणजे माझ्या ताटाएवढं ताट त्याला जास्तच. रात्री प्रचंड घोरतो, दिवसा पेंगतो, पेंगला की खेळत नाही. झोपेत श्वास अडकतो का ते बघायला सांगितलंय. घोरण्याला घरात सगळे हसतात, तुम्ही हसू नका, विचारा.

शाळेतला किस्सा. या मुलांच्या मानेचे वरचे मणके कधीकधी सैल असतात, म्हणून कोलांटी मारू नये. पीटीच्या सरांना एवढं कळलं आणि त्यांनी पळणं, चेंडू, दोरी, सगळंच बंद केलं. मग डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. आता तो लेझीमच्या पथकात आहे. मिरवणुकीत पाय चुकतो, पण थांबत नाही. त्या दिवसांत भूकही वेळेवर लागते.

कुलूपवाली

थोडंच लिहिते. मुलीला प्रेडर-विली सिंड्रोम आहे. तान्ही असताना दूध ओढायची ताकद नव्हती, चमच्याने पाजलं. काही वर्षांनी जी भूक लागायला लागली ती थांबलीच नाही. पंधराव्या गुणसूत्रातला दोष. पोट भरलं हे मेंदूला कळतच नाही. आमच्या स्वयंपाकघराला आणि फ्रीजला कुलूप आहे. पाहुणे नावं ठेवतात, ठेवू देत. कुलूप नसलं की ती दिवसभर तिथेच घुटमळते. कुलूप असलं आणि पुढचं जेवण किती वाजता ते भिंतीवर लिहिलेलं असलं की चित्रं काढत बसते. ‘समजावून सांगा’ हा सल्ला आमच्याकडे चालत नाही. ज्यांचं बाळ आधी अगदी लुळं होतं आणि आता खाण्यावरून थांबत नाही, त्यांनी जनुकीय तपासणीबद्दल विचारा.

शाळेतली बाई (धागाकर्ती)

कुलूपवाली ताई, तुमच्यासाठी वेगळा नियम लागतो हे खरं, वरच्या माझ्या मतात ते बसत नाही. यार्डातले दादा, आमच्या शाळेत खुर्चीसकट मावेल असा सपाट काटा घ्यायचं चाललंय. येईपर्यंत कांद्याचा काटा सोडू नका. आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका मंडळी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना ‘रोज फिरवा’ हा सल्ला बिनकामाचा. आम्ही त्या दिवसांत सकाळी सातच्या आत, नाहीतर वर्गातच बाकडी सरकवून गाणी लावतो. मनगटाला घुंगरू बांधले की खुर्चीतली मुलंही सोडत नाहीत.

दाजी पेठेतली ताई, त्या चिठ्ठीत नेमकं काय लिहिलं होतं? तिघांनी मला मेसेज करून विचारलंय.

दाजी पेठेतली ताई

आठवतं तसं टाकते. ‘या विद्यार्थ्याने कोलांटी मारणे, डोक्यावर उभे राहणे आणि मानेवर भार येणारे खेळ टाळावेत. बाकी सर्व खेळांत त्याला सहभागी करून घ्यावे. मान दुखणे, चालण्यात फरक पडणे, हाता-पायातील ताकद कमी होणे असे काही आढळल्यास खेळ थांबवून त्वरित कळवावे.’ खाली सही-शिक्का. ‘बाकी सर्व’ हे शब्द डॉक्टरांना ठळक लिहायला सांगा, सर पहिलीच ओळ वाचतात. आणि माझी चिठ्ठी उतरवून देऊ नका, प्रत्येक मुलाची मान वेगळी. आपापल्या डॉक्टरांकडून तपासून लिहून घ्या. दोन झेरॉक्स काढा, एक वर्गशिक्षकांना, एक पीटीच्या सरांना. मूळ घरी.