पीसीओएस आणि वाढलेले वजन : मेटफॉर्मिन घ्यावे की आठवड्याचे इंजेक्शन? (नाशिक)

इंदिरानगरवासी :
नमस्कार. माझे वय २९, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ८० किलो आहे. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, आणि सोनोग्राफी व रक्ततपासणीनंतर पीसीओएसचे, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजाराचे, निदान झाले आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.९ आले व आईला मधुमेह आहे, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी लिहून दिली. मात्र सातपूरला माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण आठवड्यातून एकदा इंजेक्शन घेते, तिचे वजन झपाट्याने उतरले, आणि तेव्हापासून घरचे सगळे मलाही तेच घ्यायला सांगत आहेत. रोज पाऊण तास चालूनही माझ्या वजनाचा काटा हलत नाही. दीड वर्षात मूल व्हावे अशी आमची इच्छा आहे. ज्यांनी ही औषधे घेतली आहेत त्यांनी कृपया सल्ला द्यावा, आणि कोणत्या डॉक्टरांकडे जावे तेही सुचवावे.

गंगापूर रोड :
ताई, मी चार वर्षे मेटफॉर्मिन घेत आहे. या गोळीकडून वजनाची मोठी अपेक्षा ठेवू नका. माझे जेमतेम तीन किलो कमी झाले, आणि बहुतेकींचा अनुभव असाच असतो. तिचे खरे काम यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करण्याचे आणि शरीर इन्शुलिनला नीट दाद देईल असे पाहण्याचे आहे. इन्शुलिन रक्तात जास्त राहिले की बीजांडकोशात पुरुषी हार्मोन वाढतात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून साखर ताब्यात आल्यावर काहींची पाळीही सुधारते. तुमचे ५.९ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी आहे, आईलाही मधुमेह आहे, तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली हे मला योग्य वाटते.

मला सुरुवातीला जुलाब आणि मळमळ इतकी झाली की मी दहा दिवसांत गोळी सोडून दिली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणासोबत सुरू केली आणि दर दोन आठवड्यांनी मात्रा वाढवली, तेव्हा ती पचली. अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते, म्हणून मी वर्षातून एकदा त्याची तपासणी करून घेते.

देवळाली कॅम्प :
मी सेमाग्लुटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधाची इंजेक्शने नऊ महिने घेतली. वजन ९२ वरून ७९ वर आले, पाळी पस्तीस दिवसांवर आली, आणि भूक शांत झाल्याचे समाधान मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाले. खर्च झेपेना म्हणून औषध बंद केले, तर वर्षभरात आठ किलो परत आले. हा माझ्या एकटीचा अनुभव नाही : या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले होते, पण औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात त्यातले सुमारे दोन तृतीयांश परत आले. ती चाचणी लठ्ठपणासाठी होती, पीसीओएससाठी नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

तुमच्या बाबतीत मात्र मूल कधी हवे, हाच प्रश्न आधी सोडवावा लागेल. गर्भ राहण्याच्या प्रयत्नाआधी सेमाग्लुटाइड निदान दोन महिने थांबवावे लागते, आणि ते चालू असताना गर्भनिरोधन आवश्यक असते. वजन उतरू लागले की पाळी येण्याच्या आधीच बीज बाहेर पडू शकते, त्यामुळे ‘मला कुठे दिवस राहतात’ या भरवशावर राहू नये. टिर्झेपटाइड हे आठवड्याचे दुसरे इंजेक्शन निवडले, तर ते सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळी पुरेशी ठरत नाही. सोबत दुसरा उपाय लागतो.

नाशिकरोड, औषधविक्रेता :
डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही इंजेक्शने घेऊ नयेत, आणि मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनमधून तर कधीच घेऊ नये. न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत ते नेताना बर्फाची पिशवी सोबत असावी, पण पेन गोठू देऊ नये. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, किंवा तुम्हाला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

इंदिरानगरवासी :
सर्वांचे मनापासून आभार. मग मूल दीड वर्षाने हवे असेल तर आधी इंजेक्शनने वजन उतरवून नंतर ते थांबवावे, असे करता येते का? आणि मेटफॉर्मिनचे काय करावे?

गंगापूर रोड :
करता येते, पण तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ डॉक्टर) या दोघांनी मिळून घ्यायला हवा. म्हणून तुम्ही आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवावे असे मी सुचवेन. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे तुमचे चार ते आठ किलो उतरले तरी पाळीत फरक पडू शकतो, हे ध्यानात घेऊन त्यांच्याशी बोला. मेटफॉर्मिन तोवर स्वतःहून बंद करू नका. पाळी नव्वद दिवसांहून लांबली, तर वाट पाहत न बसता दाखवून या, कारण गर्भाशयाचे अस्तर फार काळ साचून राहणे चांगले नाही. आणि नुसत्या एचबीए१सीवर न थांबता ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणीही करून घ्या. तिच्यासाठी रात्रभर उपाशी राहावे लागते, म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्या.